रंगनाथच्या पाठीवरची माती

शाळेतला पी.टी.चा मास्तर म्हणजे शिकवायला काही नसलेला मास्तर, अशी एक समजूत आहे. ती मी तीस वर्षं पुसून काढायचा प्रयत्न केला आणि शेवटी नाद सोडला. गणिताचे सर आजारी पडले की आमचा तास गणिताला, इंग्रजीचा भाग मागे पडला की आमचा तास इंग्रजीला, आणि तपासणीला साहेब येणार म्हटलं की मैदानावर फक्की मारायला आम्ही. झेंडावंदनाला तेवढी सगळ्यांना आमची आठवण यायची, कारण 'सावधान' म्हणायला पोटात दम लागतो आणि तो बाकीच्या स्टाफकडे नव्हता.

दिवाळी अंकासाठी नोकरीतलं काहीतरी लिहा असा निरोप आला तेव्हा मी ठरवलं की नेमणुका, बदल्या आणि निरोपसमारंभ यांचा रतीब घालायचा नाही. मी कुस्तीचं लिहिणार आहे. शालेय कुस्ती स्पर्धांना मी बरीच वर्षं पंच म्हणून उभा राहिलो. त्यातल्या एका कुस्तीचा निकाल मी चुकीचा दिला. ती गोष्ट आजवर नीट कुठे सांगितली नाही, ती आता सांगून टाकतो.

सत्तरच्या दशकात जालना हा जिल्हा नव्हताच. आमचा भोकरदन तालुका औरंगाबाद जिल्ह्यात मोडायचा. राजूरहून तासाभर पायी चाललं की आमच्या हायस्कुलाचं गाव लागायचं. गावाचं नाव लिहीत नाही. तिथली माणसं अजून लग्नाच्या पत्रिका पाठवतात.

ज्यांनी कुस्ती फक्त जत्रेत पाहिली आहे त्यांना शाळेतली कुस्ती जरा मिळमिळीत वाटेल. जत्रेत पंच नजरेनं जोड लावतात. दोन पहिलवानांची मनगटं धरून शेजारी शेजारी उभं करायचं, खांदे पाहायचे, मांड्या पाहायच्या, लोकांना विचारायचं, आणि लोकांनी होकार भरला की कुस्ती लागली. ती निकाल लागेपर्यंत चालते किंवा बरोबरीत सोडवतात. शाळेत तसं नाही. तिथे वजन असतं, ठरलेली वेळ असते, डावाला गुण असतात. समोरच्याचे दोन्ही खांदे एकाच वेळी जमिनीला टेकले तर चितपट. तसं झालं नाही तर वेळ संपल्यावर गुण मोजायचे. बरोबरी नाही. हे सगळं पाहणारा एकच माणूस, त्याच्या गळ्यात शिट्टी.

सगळ्यात मोठी मारामारी कुस्तीत नाही, वजनाच्या काट्यावर व्हायची. काटा आडतीवरून आणलेला, ज्वारीची पोती मोजायचा. अर्धा किलो जास्त भरलं की पोरगं वरच्या गटात जायचं आणि तिथे त्याच्या दीडपट पोरगं वाट बघत असायचं. म्हणून पोरं आदल्या दिवसापासून उपाशी राहायची, घोंगडी पांघरून उन्हात पळायची, सकाळभर थुंकत बसायची. एकदा आमच्या आठवीतल्या एका पोराचं वजन जरासं जास्त भरलं. कुणीतरी त्याला सांगितलं, केसांचं वजन असतं. तो तसाच न्हाव्याकडे गेला आणि डोक्याचा चकोट करून आला. वजन काही फारसं उतरलं नाही. दुसऱ्या दिवशी त्याचा बाप शाळेत हजर. मला म्हणाला, "मास्तर, मी जिता हाय का मेलो, तेवढं सांगा. सकाळधरनं दोन पाहुणे येऊन गेले दुखवट्याला." मी त्याला खुर्ची दिली, चहा पाजला आणि तो जिवंत असल्याची खात्री करून दिली.

दुसऱ्या एका शाळेनं नववीचा म्हणून एक मल्ल आणला होता. मिशा भरदार, मांड्या खांबासारख्या. मी त्याला विचारलं, "बाळ, गणितात यंदा काय चाललंय?" तो त्याच्या सरांकडे पाहायला लागला. एवढ्यात लोकांमधून एक चिमुरडी "बाबा, बाबा" करत त्याच्या पायाला येऊन बिलगली. त्याच्या सरांनी पुढे काही वाद घातला नाही.

ही गंमत झाली. आता स्वतःविषयी थोडं सांगितलं पाहिजे, नाहीतर माझी चूक तुम्हाला कळायची नाही.

माझ्या गावच्या जत्रेत मोठा फड व्हायचा. आमच्या भागात जमीन काळी, कुस्तीला तांबडी माती लागते. ती लांबून गाडीनं आणायची, चाळायची, हौदात टाकायची, हे काम आमच्या वस्तीकडे. कुस्ती मात्र आमच्या लोकांनी लांब लिंबाखाली बसून पाहायची. छप्पन साली घर बौद्ध झालं आणि माझ्या वडिलांनी मातीची चाळणी उचलून शेजारणीला धान्य चाळायला देऊन टाकली. त्याबरोबर आमचं जत्रेला जाणंही थांबलं. मला कुस्तीचं वेड होतं ते राहिलंच. औरंगाबादला कॉलेजात गेलो तेव्हा तिथे गादीवर कुस्ती शिकलो, नियमांचं पुस्तक तोंडपाठ केलं, शारीरिक शिक्षणाची पदविका घेतली. म्हणजे मी कुस्ती पुस्तकातून आणि गादीवर शिकलेला माणूस. मातीच्या हौदात मी पाय ठेवला तो नोकरीला लागल्यावर, पंच म्हणून.

आमच्या शाळेत रंगनाथ नावाचा मुलगा होता. गावातल्या बड्या शेतकऱ्याच्या घरचा. त्याचे चुलते आबा गावचे सरपंच आणि शाळेच्या समितीवर. रंगनाथ गावच्या तालमीत चाँदभाई वस्तादांच्या हाताखाली घडलेला. वस्ताद साठीचे, कान कुस्तीत चुरगळून गेलेले, बोलणं मोजकं. रंगनाथसारखं शिस्तीचं पोर मी कमी पाहिलं. पंचापुढे तोंड उघडायचं नाही हे त्याच्या अंगात मुरलेलं.

त्याचा जोडीदार, खरं तर वैरी म्हणायला हवा, तो उत्तम. केदारखेड्याच्या बाजूच्या एका शाळेतला, बौद्ध घरातला, आईवडील मजुरीला जाणारे. त्याला तालीम नव्हती. नदीच्या वाळूत तो आणि त्याचा मोठा भाऊ झोंबायचे, तेवढीच त्याची तयारी. पण अंगात वीज होती. आठवीत असताना उत्तमनं रंगनाथला गुणांवर हरवलं. नववीत रंगनाथनं त्याला अर्ध्या मिनिटात चीत केलं. त्या दोन वर्षांत दोघांची बोलचाल शून्य, पण एकमेकांची खबर बारीक. उत्तमच्या गावाकडून कुणी बाजाराला आलं की रंगनाथ पाण्याच्या निमित्तानं जवळ जाऊन विचारायचा, "ते कितीक जोर काढतंय आता?"

दहावीच्या वर्षी दोघेही अठ्ठेचाळीस किलोच्या आत. तालुक्यातून एकच मुलगा जिल्ह्याला जाणार. दहावीनंतर कुणाचं काय होईल याचा भरवसा नव्हता, म्हणून ही शेवटची संधी असं दोघांनीही धरलेलं. बहात्तरचा दुष्काळ सरून तीन-चार वर्षं झाली होती, पोरांच्या अंगावर जरा मांस दिसायला लागलं होतं.

त्याआधी आम्ही स्पर्धा शाळेच्या मोठ्या वर्गात घ्यायचो. पोत्यांत भुस्कट भरायचं, वर ताडपत्री ताणून बांधायची, झाली गादी. त्या वर्षी उंदरांनी पोती कुरतडून ठेवली. आबा म्हणाले, "आपल्या तालमीचा हौद हाय की. नवी माती टाकलीया. घ्या तिथंच." मी हो म्हटलं. मी तेव्हा अजून कायम झालो नव्हतो आणि आबांना नाही म्हणायची मला सवय नव्हती.

सकाळी चपला काढून मी पहिल्यांदाच हौदात उतरलो. कुणी काही म्हणालं नाही. कुणाच्या ते लक्षातही आलं नसेल. माझ्या मात्र आलं.

पंचानं आपल्या शाळेच्या मुलाच्या कुस्तीला उभं राहू नये असा संकेत आहे. पण नियम माहीत असलेले पंच आम्ही दोघंच, आणि दुसऱ्या सरांची शाळा म्हणजे उत्तमची शाळा. शेवटी मी आत आणि ते टेबलाला, असं ठरलं. दोन्ही शाळांनी मान्य केलं. मनात मी पक्कं केलं होतं की आपल्या पोराला तिळाएवढंही झुकतं माप द्यायचं नाही. आणि उत्तम आपल्या लोकांतला म्हणून त्यालाही नाही. इतकं बजावून घेतलं की डोक्यात दुसरं काही उरलंच नाही.

त्या गटाच्या शेवटच्या कुस्तीला दोघं उतरले तेव्हा ऊन चढलं होतं. दोघांच्याही आधी दोन-दोन कुस्त्या झालेल्या, अंगं घामानं निसरडी. त्यांनी वाकून माती घेतली. मी टेबलाकडे वळून नावं बरोबर लिहिली का ते पाहिलं, घड्याळ लावायला सांगितलं, आणि परत वळून शिट्टी दिली.

पहिला बराच वेळ नुसती पकड. मग रंगनाथनं एकेरी पट काढला, म्हणजे उत्तमचा एक पाय ओढून त्याला खाली आणलं, एक गुण. उत्तमनं मागे जाऊन कब्जा घेतला, एक गुण. लोक हौदाच्या काठापर्यंत सरकले. टेबलावरचे सर त्यांना मागे हटवायला उठले. नेमक्या त्याच वेळी उत्तमनं ढाक लावली, बगलेत हात अडकवून, पाय लावून त्याला पाठीवर फेकलं. दोघं काठाशी जाऊन पडले, उत्तमची पाठ माझ्याकडे, खाली रंगनाथ. मला त्याचे खांदे दिसेनात. मी धावत दुसऱ्या बाजूला गेलो तोवर रंगनाथ मान रोवून उलटला आणि पालथा झाला. त्याची पाठ माझ्यासमोर होती. दोन्ही खांद्यांवर, फऱ्यांवर, तांबडी माती. गच्च.

मी शिट्टी वाजवली, चितपट दिली आणि उत्तमचा हात वर केला.

मग उत्तमच्या शाळेची पोरं नाचायला लागली. रंगनाथ उठला. त्यानं माझ्याकडे पाहिलं, चिमूटभर माती कपाळाला लावली आणि हौदाबाहेर गेला. एक शब्द नाही. मला वाटलं, काय शिस्तीचं पोर आहे. मला त्याचा अभिमान वाटला. आज ते आठवलं की माझेच कान गरम होतात.

हौदातून बाहेर येताना आबा वाटेत उभे होते. ते चिडलेले नव्हते, हसत होते. म्हणाले, "झालं मंग, सर. बराबर हाय. तुमचा न्याव तुमच्या पोराला." आजूबाजूचे चारदोन जण हसले. माझ्या शाळेचा तर रंगनाथ होता; 'तुमच्या' म्हणजे तुमच्या जातीच्या. माझ्या मागेच उत्तम उभा होता, अंगावरची माती टॉवेलनं पुसत.

जेवणाची सुट्टी झाली. मी वर्गात बसून निकालाचा कागद लिहायला घेतला. अठ्ठेचाळीस किलोच्या रकान्यात उत्तमचं नाव लिहिलं, सही राहिली होती. तेवढ्यात तो दारात आला.

"सर, आत येऊ?"

"ये. जेवलास का?"

"न्हाई." तो टेबलापाशी आला. "सर, ते पडलं न्हवतं."

"कोण?"

"रंगनाथ. त्याचा डावा खांदा टेकलाच न्हाई. मी लई दाबून राह्यल्तो, पर त्यानं मानंवर तोलून धरलं."

मी म्हटलं, "मी पाठ पाहिली त्याची. माती होती दोन्हीकडे."

"ती मी लावल्ती."

मला काही कळेना. त्यानं मला समजावून सांगितलं, जसं आपण लहान पोराला सांगतो तसं. अंग घामानं निसरडं असलं की कुस्तीआधी जोडीदाराच्या खांद्यावर, पाठीवर मूठभर माती थापायची, म्हणजे पकड सुटत नाही. त्यानं तुम्हाला लावायची, तुम्ही त्याला. "तुम्ही वह्याकडं बघत व्हते तवा," तो म्हणाला. "आधी त्यानं माझ्या पाठीला लावली, ते बघून मी त्याला. हौदात कसं असतंय मला कुठं म्हाईत व्हतं."

हातावर माती देतात घेतात, हे मला ठाऊक होतं. लिंबाखालून तेवढंच दिसतं. पाठीवर थापतात हे मी कधी जवळून पाहिलं नव्हतं, सकाळच्या कुस्त्यांना पोरांची अंगं कोरडी होती, आणि ताडपत्रीवर माती नसतेच. गावातल्या शेंबड्या पोराला माहीत असलेली गोष्ट पंचाला माहीत नव्हती.

मी विचारलं, "मग तेव्हाच का नाही बोललास?"

"सर, तुम्ही हात वर केल्ता माझा. एवढ्या लोकांत. मला तो खाली घ्यावं वाटलं न्हाई."

"आणि आता?"

"ते काय बोलले ते मी आयकलं. मी जिल्ह्याला गेलो तरी ते तसंच म्हणत राह्यतील. माझ्याबी नावानं, तुमच्याबी. मला असलं जिंकणं नको."

इथे मी लगेच उठलो, हौदाकडे गेलो आणि चूक कबूल केली, असं लिहायला मला फार आवडलं असतं. तसं झालं नाही. मी त्याला म्हणालो, "जा, आधी जेवून घे. मी बघतो." तो गेला आणि मी त्या कागदाकडे बघत बसलो. नियमाच्या पुस्तकात मला हवं ते वाक्य होतंच: पंचाचा निर्णय अंतिम. निर्णय फिरवला तर आबा म्हणणार, पाहा, आम्ही म्हणतच होतो. कायम होण्याचा कागद समितीपुढे होता आणि समितीवर आबा. आणि माझ्यानंतर आमच्यातला कुणी मास्तर या तालुक्यात शिट्टी घेऊन उभा राहिला की लोक माझं उदाहरण देणार. ही सगळी कारणं खरी होती. तरी त्यांच्या तळाशी साधी भीती होती आणि ती मला कळत होती. एक पोरगं मिळालेला विजय परत करायला उपाशीपोटी दारात येऊन गेलं होतं आणि मी सही करायला पेन उचलत होतो.

शेवटी मी उठलो, पण हौदाकडे नाही, तालमीच्या ओट्यावर वस्ताद बसले होते तिकडे गेलो. मी म्हटलं, "चाँदभाई, एक विचारतो. रंगनाथ पडला होता का?"

ते म्हणाले, "सर, पडलेल्या पाठीची माती पसरती. रगडा बसतोय ना. लावलेल्या मातीवर बोटं उठतात. रंगनाथच्या पाठीवर पाचीच्या पाची बोटं दिसत व्हती. लांबून दिसत व्हती."

मलाही दिसली होती, उत्तमच्या पाठीवरचीसुद्धा. मी ती पाहिली होती, पण ती वाचता आली नव्हती.

"मग तुम्ही बोलला का नाहीत?"

"मी कसा बोलणार? मी त्याचा वस्ताद. माझा पठ्ठ्या हरला म्हणून रडून राह्यलो, असं म्हटले अस्ते लोक. अन् हौदात पंचाला टोकत न्हाईत, आमच्या वस्तादानं तसं शिकवलंय." मग म्हणाले, "मी वाट बघून राह्यल्तो. तुम्ही इचारता का न्हाई ते बघत व्हतो."

"आता काय करू?"

"ते मी कसं सांगू? शिट्टी तुमच्या गळ्यात हाय." आणि त्यांनी मला बसायलाही सांगितलं नाही.

सुट्टी संपायच्या आत मी हौदात उतरलो आणि शिट्टी वाजवली. लोक भाकरी हातात घेऊनच आले. मला वाटलं होतं आवाज कापेल. तो कापला नाही, उलट झेंडावंदनाला लागतो तसा लागला, आणि मला जरा लाज वाटली. मी म्हटलं, "अठ्ठेचाळीस किलोचा निकाल मी चुकीचा दिला. रंगनाथ चीत झाला नव्हता. त्याच्या पाठीवरची माती कुस्तीआधी लावलेली होती. ती पडल्यावर लागलेली माती नव्हती. मला ते ओळखता आलं नाही. चूक माझी आहे, दोन्ही मुलांची नाही. उत्तमनं येऊन मला सांगितलं म्हणून मला कळलं."

आबांच्या चेहऱ्यावरचं हसू गेलं होतं आणि त्या जागी काय आणावं हे त्यांना सुचत नव्हतं. त्यांची जी गोष्ट तयार होती, तीत एक पोरगं आपला विजय आपणहून परत देतं असा भाग नव्हता.

मी म्हटलं, "कुस्ती परत होईल. पंच दुसरा असेल. मी बाजूला होतो." आणि गळ्यातली शिट्टी काढायला लागलो.

"दुसरा पंच नको."

रंगनाथ बोलला होता. ज्याच्यावर माझ्यामुळे अन्याय झाला होता तोच. पंचापुढे तोंड न उघडणारं पोर चारशे माणसांत बोललं, तेही चुलत्याकडे न बघता. आबा म्हणाले, "का रं?"

"सरच पाह्यजेत. दुसरे येऊन चुकले तर त्यांला कोण सांगन? सरांला आता म्हाईत झालंय काय पाहायचं ते."

लोक हसले. त्या हसण्यानं काहीतरी सैल झालं. मी उत्तमकडे पाहिलं. त्यानं मान हलवली. मी शिट्टी परत गळ्यात घातली.

या वेळी मी टेबलाकडे वळलो नाही. दोघांनी माती घेतली, हातावर दिली, मग एकमेकांच्या खांद्यांवर थापली. मी दोघांच्या पाठी पाहून घेतल्या, कुठे किती बोटं आहेत ते सुद्धा. मग शिट्टी दिली.

मी आयुष्यात पुष्कळ कुस्त्या पाहिल्या. मोठमोठ्या नावांच्याही पाहिल्या. पण त्या दोन पोरांची ती कुस्ती डोळ्यांसमोरून हलत नाही. दोघंही दमलेले, उत्तम उपाशी, आणि तरी एकानं डाव टाकला की दुसऱ्याकडे उत्तर तयार. उत्तमनं परत ढाक लावली, रंगनाथ परत मान रोवून वाचला. मी गुडघ्यांवर, जवळजवळ गाल मातीला लावून त्याचा डावा खांदा पाहत होतो. खांद्याखाली बोटभर उजेड होता. चीत नाही. वेळ संपता संपता रंगनाथनं पट काढून उत्तमला खाली नेलं आणि टेबलावरच्या सरांनी घंटा दिली. गुण मोजले. एका गुणानं रंगनाथ.

मी रंगनाथचा हात वर केला. बरोबर निकाल देताना हाताला काय वाटतं ते मला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं. दुसऱ्या हातानं मी उत्तमचं मनगट धरलं होतं. ते मी सोडलं आणि त्याच्याकडे पाहायची माझी हिंमत होईना. पुढे रंगनाथ जिल्ह्याला जाऊन दुसऱ्या फेरीत हरला. उत्तम दहावीनंतर एस.टी.च्या डेपोत लागला आणि तिथून निवृत्त झाला. त्याला जिल्ह्याची माती कधी पाहायला मिळाली नाही. ही टोचणी मला आहे आणि ती मी काढू शकत नाही. मी नंतरही कितीतरी निकाल दिले. त्यांतले काही चुकले असणारच, आणि प्रत्येक वेळी कुणी दारात येऊन सांगितलं असेल असं नाही.

पण शेवटी मी पाहिलं तेव्हा उत्तमच्या चेहऱ्यावर हरल्याचं फारसं काही दिसत नव्हतं. तो दम घेत होता. रंगनाथ त्याला म्हणत होता, "लेका, ढाकेला तुझा पाय मागं राह्यला, न्हाईतर मी गेल्तो." दोन वर्षांतलं त्यांचं पहिलं बोलणं माझ्या समोर झालं.

मग आबा हौदाच्या काठावर आले. ते पुतण्याला शाबासकी देतील असं सगळ्यांना वाटलं. त्यांनी उत्तमला हाक मारली.

"ए पोरा. चैतात आमची जत्रा असती. ह्या रंगनाथला गावात जोड राह्यला न्हाई. येतो का?"

त्या जत्रेच्या फडात आमच्या लोकांपैकी कुणी कधी उतरलं नव्हतं. ते आबांना माहीत होतं, उत्तमला माहीत होतं आणि मला तर माहीत होतंच. त्यांनी ते सगळ्यांदेखत विचारलं होतं, म्हणजे आता मागे घेता येणार नव्हतं. मला वाटलं उत्तम लगेच हो म्हणेल. तो काही वेळ हातावरची माती चोळत राहिला.

"येतो," तो म्हणाला. "पंच कोण राह्यतील?"

जत्रेचे पंच गावातले पिढीजात. चार घरं, त्यांतलेच. आबांनी त्या चार घरांच्या माणसांकडे पाहिलं, ती तिथेच उभी होती. मग वस्तादांकडे पाहिलं. वस्ताद दुसरीकडेच बघत होते.

"हेच की," आबा माझ्याकडे बोट करून म्हणाले. "दुसरं कोण हाय."

माझ्या तोंडात शिट्टी होती म्हणून बरं झालं. नाहीतर त्या वेळी मला काहीतरी बोलावं लागलं असतं, आणि ते मला जमलं नसतं. मी जोरात शिट्टी वाजवली आणि पुढच्या गटाची पोरं हौदात बोलावली.